चवदार तळं कॉमिकमध्ये आणणाऱ्या संपादकानंच आपल्याला सुप्पंडी आणि शिकारी शंभू दिले

महाडचं चवदार तळं आणि पोलादपूर तालुक्यातलं उमरठ. एका ठिकाणी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि देशाचा इतिहास बदलला. दुसरं म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. या दोन जागांची नावं शाळेच्या पुस्तकात सगळेच वाचतात. पण अनेक पोरांनी बाबासाहेब आणि तानाजी पहिल्यांदा पाहिले ते रंगीत चित्रांच्या एका पातळशा पुस्तकात. 'अमर चित्र कथा' हे त्याचं नाव.

या पुस्तकांच्या मागे जो माणूस होता त्याचं नाव अनंत पै. देशभरातली मुलं त्यांना अंकल पै म्हणायची.

आता अंकल पै म्हटलं की लोकांना राम, कृष्ण, शिवाजी महाराज आठवतात. पुराण आणि इतिहास शिकवणारा माणूस अशीच त्यांची ओळख झाली. पण याच माणसानं लांब शेपटीचं एक माकड, उचापती जुळे भाऊ आणि अशाच कितीतरी विनोदी पात्रांना वाट करून दिली. त्यातली काही आजही मीम्समध्ये जिवंत आहेत, काही मात्र पार विसरली गेली. ही दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही.

तर सुरुवातीपासून बघू.

महाड आणि पोलादपूरमधून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग गोव्यात संपत नाही. तो तसाच खाली कारवार, उडुपी करत कन्याकुमारीपर्यंत जातो. उडुपीपासून थोडं आत गेलं की कार्कळ नावाचं गाव लागतं. १७ सप्टेंबर १९२९ ला अनंत पै तिथे जन्मले. घरची भाषा कोकणी. ते दोन वर्षांचे असतानाच आई-वडील दोघंही गेले. पुढे नातेवाइकांनी सांभाळलं आणि वयाच्या बाराव्या वर्षी हा मुलगा मुंबईला आला.

माहीमच्या ओरिएंट स्कूलमध्ये शिक्षण झालं. पुढे मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि केमिकल टेक्नॉलॉजी. त्या काळात एवढं शिकलेल्या मुलानं एखाद्या कारखान्यात नोकरी धरायची, लग्न करायचं आणि सुखात राहायचं असा सरळ हिशोब होता. पैंचं डोकं मात्र छापखान्यात अडकलेलं.

१९५४ मध्ये त्यांनी 'मानव' नावाचं मुलांचं मासिक काढलं. ते चाललं नाही.

इथे एक गंमतशीर योगायोग सांगण्यासारखा आहे. त्याच १९५४ मध्ये तिकडे अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं. तिथं एवढा गदारोळ झाला की प्रकरण सिनेटच्या समितीसमोर गेलं आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच नियमावली लादून घेतली. म्हणजे जगात कॉमिक्सचं नाव सगळ्यात बदनाम होतं त्या वर्षी मुंबईत एक पंचविशीतला केमिकलवाला मुलांसाठी मासिक काढून हात पोळून घेत होता.

मासिक बुडाल्यावर पै नोकरीकडे वळले आणि पुढे टाइम्स ऑफ इंडियाच्या पुस्तक विभागात लागले.

वेताळ भारतात कसा आला?

टाइम्सकडे छपाईची मोठी यंत्रं होती. कॅलेंडरं छापायचा हंगाम संपला की त्यातली काही रिकामी पडायची. मग रंगीत कॉमिक्स छापली तर, असा विचार सुरू झाला. वरच्या लोकांच्या मनात सुपरमॅन होता. पैंचं मत वेगळं पडलं. उंच इमारतींवरून उडणारा माणूस इथल्या वाचकाला परका वाटेल, त्यापेक्षा जंगलात राहणारा, घोड्यावरून फिरणारा फँटम जवळचा वाटेल असं त्यांनी सुचवलं.

मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक आला तो फँटमचा. मराठी पोरांनी त्याला वेताळ म्हणूनच ओळखलं. कवटीची अंगठी, कवटीची गुहा आणि जबड्यावर उमटणारी कवटीची खूण. ज्यांच्याकडे हे जुने अंक अजून आहेत ते लोक ते सहजासहजी कुणाला हात लावू देत नाहीत.

या अंकांतली एक गोष्ट आज फार कमी जणांना माहीत आहे. ली फॉकच्या मूळ कथेत वेताळाचा देश बंगालच्या नावाशी मिळताजुळता होता आणि त्याचे शत्रू असलेले समुद्री चाचे सिंग नावाचे होते. भारतात हे जसंच्या तसं छापणं म्हणजे आफत ओढवून घेणं. म्हणून इंद्रजालमध्ये देशाचं नाव डेंकाली झालं आणि सिंगचं सिंगा. नावातली दोन-चार अक्षरं बदलली आणि वेताळ बिनधास्त इथला रहिवासी झाला. परदेशी माल इथल्या वाचकाच्या गळी उतरवायचा असेल तर तपशिलात काय बदलावं लागतं याचा धडा पैंना इथेच मिळाला असणार, कारण पुढे आयुष्यभर ते हेच करत होते, फक्त उलट दिशेनं.

मग आला तो प्रसिद्ध किस्सा. फेब्रुवारी १९६७. पै दिल्लीत होते. तेव्हा देशात टीव्ही म्हणजे फक्त दिल्ली, मुंबईत तो यायला १९७२ उजाडलं. महाराजा लाल अँड सन्स नावाच्या एका पुस्तकाच्या दुकानातल्या टीव्हीवर पैंनी प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम पाहिला. कॉलेजच्या मुलांना ग्रीक देवांबद्दल विचारलेलं पटापट येत होतं. रामाच्या आईचं नाव काय, यावर सगळे गप्प.

हा किस्सा पैंनी इतक्या वेळा सांगितला आहे की तो आता दंतकथेसारखा झाला आहे. पण त्यानंतर त्यांनी जे केलं ते दंतकथा नाही. त्यांनी टाइम्सची नोकरी सोडली. एक मासिक बुडवून बसलेला माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर पक्की नोकरी सोडतो आणि भारतीय गोष्टींची कॉमिक्स छापा म्हणून प्रकाशकांचे उंबरे झिजवतो. बहुतेकांनी नकार दिला. शेवटी इंडिया बुक हाऊसचे जी. एल. मीरचंदानी तयार झाले.

अमर चित्र कथेचा पहिला अंक अकरावा का?

कॉमिक्स जमवणाऱ्यांच्या क्विझमध्ये हा प्रश्न हमखास असतो. पैंनी केलेला पहिला अंक म्हणजे 'कृष्ण'. पण त्याच्यावर क्रमांक ११ आहे. मग आधीचे दहा कुठे गेले?

ते दहा अंक होते परदेशी परीकथांचे. जॅक आणि घेवड्याचा वेल, सिंड्रेला, स्नो व्हाइट, पिनोकियो असल्या गोष्टी अमर चित्र कथा याच नावानं कन्नडमध्ये निघाल्या होत्या. भारतीय मुलांना भारतीय गोष्टी सांगणारी मालिका म्हणून जिचं नाव झालं, तिची सुरुवात सिंड्रेलापासून झाली होती. पुढे ते अंक बाजूला पडले आणि कृष्णापासून मोजणी पक्की झाली.

कृष्णाची संहिता पैंची आणि चित्रं राम वाईरकर या मराठी चित्रकाराची. सुरुवातीच्या अंकांत सगळे रंग परवडायचे नाहीत. पिवळा, निळा आणि हिरवा यांच्यावरच भागवलं जायचं. जुनी प्रत हातात आली तर हे लगेच लक्षात येतं.

सुरुवातीला दुकानदार ही पुस्तकं ठेवायला नाखूश होते आणि विक्री रडतखडत होती. सत्तरच्या दशकात गाडी रुळावर आली आणि मग जी सुटली ती थांबलीच नाही. चारशेच्या वर अंक, वीसच्या आसपास भाषा आणि कोट्यवधी प्रती. मराठी चित्रकारांचा यात मोठा वाटा आहे. पुण्याचे प्रताप मुळीक, दिलीप कदम आणि स्वतः वाईरकर. बाबासाहेबांवरचा अंक १९७९ मध्ये आला, त्याची चित्रं दिलीप कदमांची. महाडचा सत्याग्रह त्यात आहे.

या मालिकेवर टीकाही भरपूर झाली आणि ती खोडून काढण्यासारखी नाही. चांगली माणसं गोरी आणि वाईट माणसं काळी. बायका बहुतेक वेळा त्याग करायला. इतिहासातला गुंता पुसून सरळ सोपे नायक-खलनायक. अभ्यासकांनी यावर पुस्तकं लिहिली आहेत. आज ते अंक उघडले तर या गोष्टी टोचतात. ३२ पानांत गोष्ट बसवायची म्हणून काहीतरी कापावं लागतं हे खरं, पण नेमकं काय कापायचं हे शेवटी संपादकच ठरवतो, त्यामुळे ही जबाबदारी पैंकडेच जाते.

पण आता मूळ मुद्द्यावर येऊ.

१९६९ मध्ये, म्हणजे अमर चित्र कथेचा जम बसायच्याही आधी, पैंनी रंगरेखा फीचर्स नावाची संस्था काढली. काम काय? तर कॉमिक स्ट्रिप तयार करायच्या आणि देशभरातल्या वृत्तपत्रांना, मासिकांना पुरवायच्या. अमेरिकेत अशा सिंडिकेट चालवणाऱ्या कंपन्या कधीपासून होत्या, आपली वेताळ-मँड्रेकची जोडगोळी तिथूनच आली. भारतात मात्र असा उद्योग करणारी ही पहिलीच संस्था मानली जाते.

त्यातून बाहेर पडला कपीश.

कपीश म्हणजे जंगलातलं एक माकड. त्याची शेपटी हवी तेवढी लांब होते. एवढंच त्याचं शस्त्र. ना मुखवटा, ना बंदूक, ना बदल्याची आग. मित्राला दरीतून ओढायचं असेल तर शेपटी दोर, शिकाऱ्याला अडकवायचं असेल तर शेपटी फास. त्याच्या मित्रांत बुंदिला नावाचा हत्ती. आणि वैरी म्हणजे दोपाया नावाचा शिकारी. नाव बघा. प्राण्यांच्या नजरेतून माणसाची ओळख काय, तर दोन पायांवर चालणारा एक त्रासदायक प्राणी. मुलांच्या कॉमिकमध्ये एवढं तिरकस नाव ठेवायला डोकं लागतं.

कपीशची चित्रं केरळचे मोहनदास काढायचे. मल्याळम मुलांच्या 'पूम्पाट्टा' मासिकानं त्याला घरोघरी नेलं आणि आजही चाळिशी-पन्नाशीतला मल्याळी माणूस कपीशचं नाव काढलं की हळवा होतो. महाराष्ट्रात त्याची एवढी आठवण राहिली नाही.

रामू आणि शामूचंही तसंच. जुळे भाऊ, दिवसभर उचापती. यात ना देव ना राजे. शेजारपाजारच्या कुठल्याही घरात असतील अशी दोन पोरं. पैंच्या कामात साध्या, आजच्या काळातल्या, वात्रट मुलांना जागा होती हे या जोडीमुळे कळतं. पुढे हे दोघंही आणि कपीशही टिंकलच्या पानांवर दिसले.

टिंकल आलं १९८० मध्ये. कल्पना मुळात सहकारी संपादक सुब्बा राव यांची. अमर चित्र कथेत बसत नाही असं खूप काही हाताशी होतं, लोककथा, विनोद, विज्ञान, कोडी. त्यासाठी मुलांचं वेगळं मासिक हवं होतं. नाव काय ठेवायचं यावर बैठक चालू असताना फोन वाजला. पलीकडच्याला नंतर फोन करतो असं सांगताना इंग्रजीत टिंकल हा शब्द आला आणि नाव ठरलं. बोर्डरूम, ब्रँडिंग एजन्सी असलं काही नाही.

१९५४ मध्ये बुडालेलं मुलांचं मासिक २६ वर्षांनी दुसऱ्या नावानं परत आलं आणि यावेळी चाललं.

याचं एक कारण वाचक होते. टिंकलनं मुलांना सांगितलं की तुमच्याकडच्या गोष्टी पाठवा. आलेली गोष्ट निवडली गेली तर तिची चित्रकथा व्हायची, खाली पाठवणाऱ्याचं नाव आणि गाव छापलं जायचं, वर थोडे पैसेही मिळायचे. ज्या गावाचं नाव हवामानाच्या बातम्यांतही येत नाही तिथल्या मुलाला आपलं नाव रंगीत पानावर दिसणं ही काय चीज असेल याचा विचार करा. आज रील व्हायरल झाल्यावर जे वाटतं, तेच. फक्त त्यासाठी पोस्टाचं पाकीट लागायचं आणि काही महिन्यांचा धीर.

सुप्पंडी असाच पाकिटातून आला.

तमिळनाडूतल्या त्रिचीच्या पी. वरदराजन यांनी एका बावळट नोकराच्या काही गोष्टी पाठवल्या. तमिळ लोककथांमधलं हे पात्र. १९८३ मध्ये तो टिंकलमध्ये अवतरला. त्याला रूप दिलं राम वाईरकरांनी. ते विचित्र आकाराचं डोकं, वर उभा राहिलेला केसांचा झुपका आणि चेहऱ्यावर आपण काही चुकलोय याची तसूभर शंका नाही. ज्या हातानं बासरी धरलेला कृष्ण काढला त्याच हातानं सुप्पंडी काढला. अमर चित्र कथेतला वाईरकरांचा कृष्ण आणि टिंकलमधला सुप्पंडी शेजारी शेजारी ठेवून बघा, माणूस एकच आहे यावर विश्वास बसत नाही.

सुप्पंडीचं सूत्र सोपं. मालक जे सांगेल ते तो शब्दशः करतो. नोकराच्या मूर्खपणावर हसायचं हे ऐकायला आज जरा खटकतं. पण गोष्टी नीट वाचल्या तर फजिती दर वेळी मालकाची होते. कामावरून काढलं तरी सुप्पंडी पुढच्या अंकात नव्या मालकाकडे तेवढ्याच आनंदात हजर.

दुसरा हिरो शिकारी शंभू. हाही १९८३ चाच. चित्रं वसंत हळबे यांची. मोठा शिकारी म्हणून सगळीकडे नाव, पण प्रत्यक्षात एक नंबरचा भित्रा आणि आळशी. पळता पळता झाडावरून पडतो आणि वाघ आपोआप जाळ्यात सापडतो. त्याची टोपी नेहमी डोळ्यांवर ओढलेली, त्यामुळे शंभूचे डोळे कसे आहेत ते वाचकाला कधी दिसलंच नाही. डोळ्यांशिवाय भीती, आळस, फुशारकी, बायकोचा धाक हे सगळं दाखवायचं म्हणजे चित्रकाराची परीक्षाच. हळब्यांनी ते नाक, मिशी आणि पडण्याच्या शंभर तऱ्हांवर निभावून नेलं. त्यांच्यानंतर हे काम सावियो मस्कारेन्हास यांच्याकडे आलं. पुढे काळ बदलला आणि शंभूनंही बंदूक ठेवून प्राणी वाचवायला सुरुवात केली.

कालिया कावळाही याच मंडळींतला. प्रदीप साठ्यांनी काढलेला, लुईस फर्नांडिस यांनी लिहिलेला. चमाटक कोल्हा आणि डूबडूब मगर यांचे बेत तो दर वेळी उधळतो. फर्नांडिस यांचाच तंत्री द मंत्री. राजा हूजाला हटवून गादीवर बसायचे त्याचे सगळे डाव अंगाशी येतात. त्याची चित्रं अशोक डोंगरे यांची. कॉमिक्सचा शौक असलेल्यांना इथे फ्रान्सचा इझ्नोगूड आठवेल. १९६२ मध्ये ॲस्टेरिक्सचे लेखक गोसिनी यांनी आणलेला वजीर, ज्याला खलिफाच्या जागी खलिफा व्हायचं असतं. दोघांचं दुखणं एकच.

हे सगळं चालू असताना पैंचं टेबल पत्रांनी भरलेलं असायचं. अंकल पै या नावानं येणाऱ्या पत्रांना उत्तरं द्यायची हा त्यांच्या कामाचा भाग झाला होता. मुलांमध्ये आत्मविश्वास यावा म्हणून १९७८ मध्ये त्यांनी पार्थ नावाची व्यक्तिमत्त्व विकासाची संस्था काढली, तिचे धडे टपालानं जायचे. दोन वर्षांचं असताना आई-वडील गमावलेला माणूस देशभरातल्या मुलांचा काका झाला, हे लिहिताना भावुक होणं टाळलेलंच बरं. ते स्वतः फार भावुक असल्याचं त्यांच्या कामावरून तरी दिसत नाही. पुढचा अंक वेळेवर काढायचा असायचा.

नव्वदच्या दशकात केबल टीव्ही आला आणि सगळ्याच कॉमिक्सचा कणा मोडला. इंद्रजाल तर १९९० मध्येच बंद पडलं. अमर चित्र कथा आणि टिंकल तगले. २००७ मध्ये दोन्ही नावं इंडिया बुक हाऊसकडून नव्या कंपनीकडे गेली, पण पै सोबत राहिले.

फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत भारतातलं पहिलं कॉमिक कॉन भरलं. १९ तारखेला तिथे अनंत पैंना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला. बरोबर पाच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला मुंबईत हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. वय ८१. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यांच्या वाढदिवसाला गुगलनं आपलं नाव कॉमिकच्या चौकटींमध्ये काढलं होतं.

'मानव'चे अंक आज कुठे दिसत नाहीत. रंगरेखाच्या पट्ट्या जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांत दडलेल्या आहेत. रद्दीच्या दुकानात शेपटीनं हत्तीला ओढणारं माकड दिसलं तर ते पान सोडू नका.

राम वाईरकर २००३ मध्ये गेले. त्यानंतर सुप्पंडीची चित्रं त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर काढू लागल्या. डोक्याचा आकार त्यांनी बदलला नाही.